लांडगे आणून सोडले, पण काम तिथं संपत नाही

बेटावर शिकारी प्राणी परत सोडायचे म्हटलं की लोक लगेच विचारतात, निसर्गात आपण हात कशाला घालायचा? पण आइल रॉयलवर आपला हात आधीच पडलेला होता, आणि तेच मला आज सांगायचंय.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर या प्रचंड तळ्यातलं हे बेट. मूस (हरणाच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी) तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचले, लांडगे चाळीसच्या दशकाच्या शेवटी, गोठलेल्या तळ्यावरून चालत आले आणि १९५८ पासून दोघांचा सलग अभ्यास चालू आहे. १९८० मध्ये लांडगे ५० होते, दोनच वर्षांत १४ उरले, कारण पार्वो व्हायरस हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग आला, तोही बहुधा कोणाच्या तरी पाळीव कुत्र्यामुळे. मग १९९७ ला कॅनडाकडून एक नर बर्फावरून आला आणि नवं रक्त मिळालं, पण काही वर्षांत जवळजवळ सगळे त्याचेच वंशज झाले, इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातच पिल्लं होणं, वाढलं, पाठीचे मणके वाकडे असलेले लांडगे दिसायला लागले. पूर्वी बर्फ वारंवार जमायचा, येणं-जाणं होतं, आता आपल्यामुळेच हिवाळे गरम झालेत आणि ती वाटच दुर्मिळ झालीय. २०१८ पर्यंत दोनच लांडगे उरले होते, बाप आणि मुलगी, शिवाय दोघांची आईही एकच.

इकडे मूस २००० च्या वर गेले. हिवाळ्यात ते बाल्सम फर नावाचं सदाहरित झाड खातात, कोवळं रोप वर आलं की शेंडा खुडला, पुन्हा आलं पुन्हा खुडला, अशी झाडं वर्षानुवर्षं गुडघ्याएवढीच राहतात आणि जुनी झाडं मरतात तेव्हा जागा घ्यायला कोणी नसतं. उपाशी मूसही मरतातच म्हणा, १९९६ ला तसं झालं होतं, पण तोवर जंगलाचं जे व्हायचं ते होऊन जातं.

२०१८-१९ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं मिनेसोटा, मिशिगन आणि ऑन्टारियोतून १९ लांडगे आणून सोडले. मिनेसोटाची एक मादी तर बर्फ जमल्यावर सरळ चालत परत गेली! बाकीच्यांनी कळप केले, पिल्लं झाली, २०२४ च्या मोजणीत लांडगे ३० आणि मूस साधारण ८४०.

पण हे कुठंही चालेल असं समजू नका. अलास्कातल्या छोट्याशा कोरोनेशन बेटावर १९६० ला चार लांडगे सोडले, त्यांनी हरणं जवळजवळ संपवली, मग एकमेकांना खाल्लं, १९६८ ला एकच उरला. बेट केवढंय, खायला किती आहे हे आधी बघायलाच हवं.

आणि आइल रॉयललाही एकदा आणून भागणार नाही, बर्फाची वाट परत येणार नसेल तर दर काही वर्षांनी बाहेरचा एखादा लांडगा आपल्यालाच न्यावा लागेल. ते वेळेवर करा, पुन्हा दोनच उरेपर्यंत चर्चा करत बसू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.