वीतभर वड

बडोदा, दांडिया बाजार. जुन्या घराचा माळा. डभोईच्या छोट्या गाडीची प्रतिकृती इथे मांडली आहे, आणि तिच्यासाठीची झाडं काका हाताने बनवतात. ही फिल्म त्याचीच. काकांच्या हातात दिसते आहे ती विजेच्या वायरमधली तांब्याची तार, वरचं प्लास्टिक सोलून काढलेली. साठेक तारांची जुडी पिळायची, थोडं वर गेलं की चार-पाच तारा बाजूला काढून त्यांची फांदी, फांदीची डहाळी. खालची टोकं पसरली की मुळं.

छोट्या रेल्वेचं इंजिन विकत मिळतं, रूळ मिळतात. तयार झाडंही मिळतात, पण बहुतेक पाइन नाहीतर फर. डभोईच्या गाडीला सूचिपर्णी जंगल कसं शोभेल?

प्रमाण १:८७. खरा २० मीटरचा वड इथे २३ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. बडोदा संस्थानच्या या लाइनच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर; ते इथे पावणेनऊ भरतं, म्हणून बाजारातला ९ मिलिमीटरचा ट्रॅक चालून जातो. १८६२ साली डभोई–मियागाम लाइन सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढायचे, कारण रूळ इंजिनाच्या मानाने हलके होते. मांडणीच्या कोपऱ्यात ती बैलजोडी उभी आहे. कांकरेज जातीची, खिलार नाही, हे काकांनी आम्हाला दोनदा बजावलं.

फेव्हिकॉल आणि बारीक भुसा यांचा लेप. ओला असतानाच टाचणीने साल ओरखडायची. मग रंग, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं: खोड चॉकलेटी रंगवतात. कमाटीबागेत जाऊन बघा, वडाचं खोड राखाडी असतं.

पानं म्हणजे गादीचा जुना फोम. पाणी घालून मिक्सरमधून काढलेला, पोस्टर कलरमध्ये कालवून वाळवलेला. (मिक्सर भंगारातला आहे. घरातल्याला हात लावायची परवानगी नाही.) चहाच्या गाळणीतून खाली पडेल तो चुरा बाभळीला, वर उरेल तो वडाला. बाभळीवर अगदी कमी भुरभुरवायचा, पलीकडचं आकाश दिसलं पाहिजे. लहान रोपट्यांना तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या. त्या मात्र काकू स्वतः खुडून देतात.

आता पारंब्या. सुतळीचा एकेक तंतू डिंकात बुडवून चिमट्याने लावायचा. काही अधांतरी सोडायच्या, काही जमिनीला टेकवायच्या. टेकलेल्या जाड हव्यात, त्यांचं आता खोड होऊ लागलेलं असतं. हा शॉट आम्ही कुठेही कापलेला नाही. थोडा वेळ नुसतं बघू या.

खरी डभोई–चांदोद लाइन आता रुंद रुळांची, म्हणजे ब्रॉडगेज झाली. २०२१पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात.

काका बटण दाबतात. गाडी वळणावरून वडाखाली येते. डब्याच्या टपाला एक पारंबी घासते. गाडी थांबवून काका नखं कापायच्या कात्रीने ती केसभर छाटतात. पुन्हा बटण.