हेक्सिस : सवयीच्या पलीकडचा एक ग्रीक शब्द

ॲरिस्टॉटलच्या नीतिविचारात ‘एथोस’ आणि ‘हेक्सिस’ हे दोन शब्द वारंवार जोडीने भेटतात. एथोस म्हणजे एकच कृती पुनःपुन्हा केल्याने पडणारी सवय, आणि त्याबद्दल फारसा घोळ होत नाही. हेक्सिसचे भाषांतरही पुष्कळदा ‘सवय’ असेच केले जाते, आणि तिथे मात्र सद्गुणाविषयीचा त्याचा सगळा विचार उणावतो, असे माझे मत आहे.

हा शब्द ‘एखेइन’ या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ जवळ असणे, धरून असणे. आणि जोडीला क्रियाविशेषण आले की अमुक स्थितीत असणे. म्हणूनच ग्रीक वैद्यांच्या लेखनात हेक्सिस म्हणजे शरीराची प्रकृती, त्याची बांधणी. पुढे लॅटिनमध्येही याच धर्तीवर, ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला ‘हाबितुस’ हा शब्द त्यासाठी रूढ झाला आणि 13व्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने त्यावर विस्ताराने लिहिले. नुसते मालकीचे असणे आणि खरोखर जवळ असणे यांतला फरक प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात दाखवला आहे : विकत घेतलेला पण अंगावर न घातलेला झगा आपल्या मालकीचा असतो, परंतु तो आपण ल्यालेलो आहोत असे म्हणता येत नाही.

‘कॅटेगरीज’ या ग्रंथात ॲरिस्टॉटल हेक्सिसला ‘डायथेसिस’पासून वेगळे काढतो. ऊब, गारवा, आजारपण या लवकर पालटणाऱ्या अवस्था डायथेसिस होत. ज्ञान आणि सद्गुण मात्र टिकाऊ व सहजी न हलणारे, म्हणून ते हेक्सिस. (नंतरच्या स्टोइकांनी, म्हणजे एका ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या अनुयायांनी, हा क्रम जवळजवळ उलटा केला : त्यांच्या लेखी सद्गुण हा डायथेसिस, आणि दगड वा लाकूड एकसंध धरून ठेवणारी शक्ती ती हेक्सिस.)

‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात तो विचारतो की आत्म्यात आढळणाऱ्या भावना, क्षमता आणि हेक्सिस या तिहींपैकी सद्गुण कशात मोडतो. राग आला म्हणून कोणी कोणाची स्तुती वा निंदा करत नाही, राग येण्याची क्षमता आहे म्हणूनही करत नाही. तेव्हा उरते ती हेक्सिस, म्हणजे त्या रागाच्या बाबतीत आपण बरे वागतो की वाईट, हे ठरवणारी आपली घडण. ती कृतीतूनच घडते. घरे बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. दगड मात्र दहा हजार वेळा वर फेकला तरी वर जायला शिकत नाही. पण घडल्यावर ती विचार न करता चालणारी यांत्रिक लकब राहत नाही, कारण सद्गुणाच्या व्याख्येतच ॲरिस्टॉटलने ‘निवड करणारी’ हे विशेषण हेक्सिसला जोडले आहे. मराठीत त्यातल्या त्यात ‘वळण’ हा शब्द मला जवळचा वाटतो, तरी निवडीचा हा अर्थ त्यातही पुरता येत नाही.

तिसऱ्या भागात तो एक कठीण गोष्ट मान्य करतो. कृती आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हाती असते, हेक्सिसचा मात्र केवळ आरंभ. पुढे ती रोजच्या नकळत भरीने वाढत जाते, आजार वाढावा तशी. तरीही तिची जबाबदारी तो माणसावरच ठेवतो, कारण तसे वागायचे की नाही हे एके काळी त्याच्या हाती होते.