कबुतरं, मीठ आणि एक राजा

स्क्रीनवर जो गोल दगडी बुरूज दिसतोय ना, तो किल्ल्याचा नाही, कबुतरखाना आहे. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये बऱ्याच भागांत असा कबुतरखाना बांधायचा हक्क फक्त जमीनदार सरदाराला होता. गावातल्या माणसानं पेरणी केली की ही कबुतरं दाणे टिपायला हजर, आणि त्यानं ती मारायची नाहीत कारण ती मालकाची, नुसतं हुश्श हुश्श करत बांधावर उभं राहायचं. सशांचं तेच, हरणांचं तेच, शिकार करायची ती सरदारांनी.

१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की सगळ्यांना बास्तीलचा तुरुंग आठवतो, पण माझ्या मते गोष्ट इथनं, या बांधावरनं सुरू होते.

देशात तेव्हा साधारण २ कोटी ८० लाख माणसं. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसऱ्यात बाकी सगळे, म्हणजे शंभरातले जवळजवळ ९८. 'ताय' नावाचा मुख्य कर पहिल्या दोघांना बहुतेक माफच, भरायचा कुणी तर तिसऱ्यानं. वर चर्चचा धान्यातला वाटा वेगळा, आणि दळण दळायचं तेही मालकाच्याच गिरणीत, पैसे देऊन.

आणि मीठ! उत्तरेकडच्या बऱ्याच भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण ७ किलो मीठ सरकारी कोठारातनं सरकारी भावानं घ्यायचंच, पाहिजे असो नसो, आणि गंमत बघा, ते फक्त स्वयंपाकात आणि ताटात वापरायचं, मांस खारवायला घेतलं तर गुन्हा, त्यासाठी वेगळं विकत घ्या. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात हा कर नाही, तिथे तेच मीठ मातीमोल. मग काय, बायका घागऱ्यात लपवून आणायच्या, पाठीवर मिठाची पिशवी बांधलेली कुत्री रात्री हद्द ओलांडायची. सापडला तर पुरुषाला सक्तमजुरीही व्हायची.

गरिबी काय नवीन नव्हती हो. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून तिजोरी इतकी खंगली की १७८८ पर्यंत निम्मा खर्च कर्जाच्या व्याजातच जायला लागला, मंत्री म्हणाले सरदारांनीही कर भरावा, सरदार म्हणाले जमणार नाही. त्यात त्याच वर्षी १३ जुलैला गारपीट, मग हाडं गोठवणारा हिवाळा, आणि पॅरिसमध्ये ८-९ सूला (सू म्हणजे तेव्हाचं छोटं नाणं) मिळणारा चार पौंडी पाव फेब्रुवारीत साडेचौदा सूवर. मजुराचा रोज २० ते ३० सू. करा हिशोब.

आता राजानं, म्हणजे सोळाव्या लुईनं, काय केलं, तर गावोगावच्या लोकांना सांगितलं, तुमच्या तक्रारी लिहून पाठवा. लोकांनी लिहिल्या, कर, मीठ, गिरणी, कबुतरं, सगळं. १७८९ च्या ५ मे ला व्हर्सायला, राजाच्या राजवाड्याच्या गावी, तिन्ही वर्गांची सभा भरली आणि कळलं की मतं माणशी मोजायची नाहीत, वर्गामागे एकच मत. म्हणजे प्रत्येक वेळी २ विरुद्ध १. उपाशी माणूस एकवेळ गप्प बसेल, पण आधी विचारून मग असं उडवून लावलं तर तो नाही बसत.

१७ जूनला तिसऱ्या वर्गानं आपणच राष्ट्राची सभा असं जाहीर केलं, १४ जुलैला बास्तील पडलं, राजाच्या डायरीत त्या दिवशी लिहिलंय, 'काही नाही' (शिकारीची डायरी होती, शिकार मिळाली नाही). खेड्यांत सरदारांच्या गढ्या जळायला लागल्या तेव्हा कुठे ४ ऑगस्टच्या रात्री सरदारांनी स्वतःच हक्क सोडले. त्या ठरावात कबुतरांचं खास कलम आहे, ठरलेल्या दिवसांत कोंडून ठेवा, नाहीतर ज्याच्या शेतात उतरतील त्यानं खुशाल मारावीत.

५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका पावसात भिजत व्हर्सायला चालत गेल्या, पाव मागायला, आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी, राजपुत्र तिघांना पॅरिसला घेऊन आल्या, 'बेकर, बेकरीण आणि बेकरचं पोर' म्हणत. ('पाव नाही तर केक खा' हे वाक्य राणी बोलल्याचा पुरावा नाही, सोडा ते.)

तरी राजा अजून राजाच होता. १७९१ च्या जूनमध्ये तो पळाला, वारेन गावात पकडला गेला आणि उरलासुरला विश्वासही गेला. २१ सप्टेंबर १७९२ ला राजेशाही रद्द, २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिनखाली राजाचं डोकं उडवलं.

मिठाचा कर १७९० मध्येच गेला होता. १८०६ ला नेपोलियननं परत आणला.