म्युनिकमध्ये बाहेरचं कोण होतं?

नमस्कार मंडळी. फराळाचे डबे अजून रिकामे झाले नाहीत आणि मी म्युनिकच्या ज्यूंचा विषय काढतेय, पण नोव्हेंबर लागला की या शहरात तो टाळता येत नाही असं मला तरी वाटतं.

माझं माहेर अलिबागचं. आमच्याकडे ज्यू म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली, आडनावं पेणकर, किहीमकर अशी गावावरूनच, घरात बोलणार मराठी, आणि गावात इस्राएल आळी आहे ती आजही आहे. त्यामुळे इथं राहायला आल्यावर मी पहिल्यांदा जेव्हा 1918 ते 1923 चं म्युनिक वाचायला घेतलं तेव्हा मला कळेचना की सहा लाखांच्या शहरात अकरा हजारांच्या आसपास ज्यू, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत, त्यांच्यावर एवढा राग कशासाठी.

कार्डिनल फाउलहाबर श्ट्रासवरून आपण शॉपिंगला जाताना कितीदा तरी जातो. तिथं फुटपाथवर पडलेल्या माणसाची आकृती आहे बघा. तो कुर्ट आयस्नर. पत्रकार, समाजवादी, ज्यू. महायुद्ध हरायला आलं होतं, लोक उपाशी होते, आणि 7 नोव्हेंबर 1918 ला थेरेसिएनवीझवर, हो, आपलं ऑक्टोबरफेस्टचं मैदान, तिथल्या सभेतून हा माणूस लोकांना घेऊन निघाला आणि रात्रीत बव्हेरियाचं, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्याचं, राजघराणं गेलं आणि तो मुख्यमंत्री झाला. गोळी नाही, रक्त नाही. पुढे जानेवारीच्या निवडणुकीत त्याचा पक्ष सपाटून हरला, आणि 21 फेब्रुवारी 1919 ला खिशात राजीनाम्याचं भाषण घेऊन तो विधिमंडळात निघाला होता तेव्हा आर्को नावाच्या 22 वर्षांच्या सरदारपुत्रानं मागून गोळ्या घातल्या. आयस्नर बर्लिनचा, पण विरोधक त्याला पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून आलेला परका म्हणायचे, आणि ज्यानं मारलं त्या आर्कोची स्वतःची आई ज्यू घराण्यातली होती.

मग एप्रिलमध्ये सोव्हिएत धर्तीचं सरकार आलं, त्यातले टोलर, लांडाउअर, म्यूझाम, लेव्हिने हे पुढारी ज्यू होते, आणि मेच्या सुरुवातीला सैन्य आणि फ्रायकोर्प्सनं, म्हणजे स्वयंसेवकांच्या सशस्त्र तुकड्यांनी, शहर घेतलं तेव्हा शेकडो माणसं मारली गेली. लांडाउअरला तर तुरुंगाच्या आवारातच ठार केलं. तिथून पुढे "क्रांती म्हणजे ज्यू" हे समीकरण या शहराच्या डोक्यात पक्कं बसलं. म्युनिकचे बहुतेक ज्यू दुकानदार, डॉक्टर, वकील होते, त्यांना स्वतःला या क्रांतीची भीती वाटत होती, आणि जर्मनीसाठी लढताना महायुद्धात सुमारे 12,000 ज्यू सैनिक मेले होते, पण हे ऐकायला कोणी तयार नव्हतं.

हिटलर या सगळ्यानंतर येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो त्यानं येऊन विष पसरवलं, पण विष तयार होतं, सैन्यानंच त्याला प्रचाराच्या कोर्सला बसवलं, आणि सप्टेंबर 1919 मध्ये वरिष्ठांच्या सांगण्यावरून एका पत्राला उत्तर देताना त्यानं लिहिलं की अंतिम ध्येय ज्यूंना पूर्णपणे हटवणं हेच असलं पाहिजे. सैन्याच्या पगारावर असताना! पाहुणे आले की आपण त्यांना हॉफब्रॉयहाउसला नेतोच, तिथंच वरच्या मोठ्या हॉलमध्ये 24 फेब्रुवारी 1920 ला सुमारे दोन हजार लोकांसमोर त्यानं नाझी पक्षाचा 25 कलमांचा कार्यक्रम वाचला. त्यातलं चौथं कलम म्हणजे ज्यू नागरिक होऊ शकत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आपण इथं सगळे आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसच्या, रांगेत उभे राहिलेलो आहोत, पोटात गोळा येतो तो सगळ्यांना माहितीये. 1923 च्या शरद ऋतूत महागाई इतकी की नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क, लोकांना दोष द्यायला कोणीतरी हवं होतं, आणि त्या वेळी इथं सर्वाधिकार हातात असलेल्या गुस्टाफ फॉन कार यांनी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांना बव्हेरियातून निघून जायच्या नोटिसा काढल्या. वर्षानुवर्षं इथं धंदा केलेले, ज्यांची मुलं इथंच जन्मली असे लोक. कारण काय, तर अर्थव्यवस्थेला घातक.

आणि त्याच नोव्हेंबरात 8 आणि 9 तारखेला हिटलरनं बंड केलं. त्या रात्री त्याच्या माणसांनी ज्यूंना घरातून ओढून ओलीस धरलं, दुसऱ्या दिवशी ओडेऑन्सप्लाट्झच्या चौकात गोळीबारात चार पोलीस मेले. हिटलर तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक. परदेशी माणूस देशद्रोहात दोषी ठरला तर त्याला हद्दपार करायचं असा कायदा होता. 1 एप्रिल 1924 ला न्यायाधीश गेओर्ग नाइटहार्ट यांच्या कोर्टानं कमीत कमी म्हणजे पाचच वर्षांची शिक्षा दिली आणि वर सांगितलं की जो माणूस हिटलरसारखा जर्मन विचार करतो, ज्याच्या भावना जर्मन आहेत, त्याला हे कलम लागू होत नाही. डिसेंबरात तो बाहेर. आर्कोचा खटलाही याच न्यायाधीशांपुढे चालला होता, फाशी सुनावताना त्याच्या देशप्रेमाचं कौतुक झालं होतं, दुसऱ्याच दिवशी सरकारनं फाशीची जन्मठेप केली आणि 1924 मध्ये तोही सुटला.

म्हणजे बघा, इथं संसार थाटलेलं ज्यू कुटुंब परकं, आणि चार पोलिसांच्या मृत्यूला कारण झालेला परदेशी माणूस आपला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, मी उठून आमचे सगळ्यांचे पासपोर्ट काढून बघत बसले, का ते मला नीट सांगता येणार नाही. 20 नोव्हेंबर 1941 ला याच शहरातून सुमारे हजार ज्यूंना गाडीत घालून लिथुआनियातल्या काउनासला नेलं आणि पाच दिवसांनी तिथं गोळ्या घातल्या, तेव्हाही त्यांची नावं, पत्ते, कागद सगळं सरकारी ऑफिसात व्यवस्थित लावलेलं होतं.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आयस्नरच्या त्या आकृतीपाशी भेटू, तिथून ओडेऑन्सप्लाट्झ अगदी जवळ आहे, मग सांक्ट याकोब्स प्लाट्झला 2006 साली उघडलेलं नवं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरून बघू. थंडी असेल, टोप्या घाला, आणि दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर त्यांना नक्की आणा, त्यांच्या प्रश्नांना जमतील तशी उत्तरं आपण सगळे मिळून देऊ.