पहिलं ताट कोणाच्या घरी?

[चूल, तांब्याचं भांडं, हात]
तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, नारळाचा दाट रस. नाताळच्या दोदोल या गोडाला लागतं एवढंच. बाकी सगळं काम हातांचं. घोटणं थांबलं की खाली लागलंच, म्हणून गोव्यातल्या साळगावच्या या घरात कालथा आळीपाळीने फिरतो. पातळ रस हळूहळू जड होतो, भांड्याची बाजू सोडतो, कडेला तेल सुटतं. तोवर कोणी उठत नाही.

शेजारी बेबिंका, थरांचा गोड केक. एक थर घालायचा, झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवायचे, थर तांबूस झाला की तूप लावून पुढचा. 2023 साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे कष्ट विकण्यासाठी नाहीत. यातला मोठा वाटा घराबाहेर जायचा आहे.

[ताटं, अंगण, तुळशीवृंदावन]
ही कोन्सुआद, म्हणजे नाताळात शेजाऱ्यांकडे पाठवायचं गोडाचं ताट. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, वर विणलेला रुमाल. समोर ओसरीवर आजोबा मराठी वर्तमानपत्र वाचत बसलेत. चतुर्थीला त्यांच्याकडून नेवऱ्या आल्या होत्या, आज इकडून ताट आलं. हल्ली बरेच जण बेकरीतून तयार डबे आणतात.

[चर्च, गोठ्याचा देखावा]
नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लूकच्या शुभवर्तमानातली ओळ वाचली जाते: उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. ख्रिस्ती माणसासाठी देणं सुरू होतं ते इथे. देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला, तोही कोणी मागितला म्हणून नव्हे.

[रेईस मागोस, मांडवीचं पात्र]
पणजीच्या समोर, नदीपलीकडे, 1555 साली उभं राहिलेलं हे चर्च त्या बाळाला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांच्या नावाचं. 6 जानेवारीला इथे त्यांचं, म्हणजे तीन राजांचं, फेस्त (सण) असतं. खरं तर शुभवर्तमानात मत्तय त्यांची संख्या सांगतच नाही. तो भेटी मोजतो. सोनं, ऊद, गंधरस. राजासाठी, देवासाठी आणि मरणासाठी, असा त्यांचा अर्थ चर्च पूर्वापार लावत आलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. एवढ्या लांबून आलेल्या त्या माणसांना परत द्यायला त्या गरीब घरात काहीच नव्हतं. तेच बाळ पुढे मोठं होऊन सांगतं, की मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांना नको, गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. त्यांना तुझी परतफेड करता येणार नाही.

[पुन्हा साळगाव, बंद दार]
या वाडीत एका घरी यंदा दुखवटा आहे. तिथे चुलीवर गोड काही चढलेलं नाही. आजीने पहिलं ताट त्याच घरासाठी काढलं, दोदोलचा मोठा तुकडा घातला, आणि रिकामंच ताट घेऊन ये, असं नातवाला दोनदा बजावलं.