चुलता गुंड, पुतण्या डिटेक्टिव्ह

(जुनं छायाचित्र: ब्रुकलिन, गणवेशातला तरुण)

लुई एपोलिटो. 1969 साली न्यूयॉर्क पोलिसात भरती. बाप राल्फ गॅम्बिनो या माफिया टोळीतला, चुलता जिमी त्याच टोळीत 'कॅपो', म्हणजे एका तुकडीचा म्होरक्या. 1979 मध्ये जिमीला आणि त्याच्या मुलाला टोळीनंच संपवलं.

(फाइलचे कागद, अगदी जवळून)

1984. गॅम्बिनो टोळीशी संबंधित रोझारिओ गॅम्बिनोच्या घरात पोलिसांच्या गुप्त अहवालांच्या झेरॉक्स सापडल्या. त्यांवर एपोलिटोच्या बोटांचे ठसे. पुढच्या वर्षी खात्याच्या चौकशीतून तो निर्दोष सुटला. आपल्याला आडनावाची शिक्षा मिळते, असं तो सांगत राहिला आणि चर्चा आडनावाचीच झाली. फाइलींच्या कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, हे मागे राहिलं.

(कॉम्प्युटरचा जुना हिरवा पडदा)

किल्ली होती एपोलिटोच्या पोलिसातल्या जोडीदाराकडे. स्टीफन काराकापा माफियांच्या खुनांचा तपास करणाऱ्या पथकात होता, त्यामुळे खबऱ्यांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर हाताशी. हवं ते विचारायचा लुकेझी या दुसऱ्या माफिया टोळीचा अँथनी कासो. तो या दोघांना भेटतच नसे. मध्ये बर्टन कपलान हा दलाल. निरोप कपलानकडून जायचा, माहिती त्याच्याकडूनच परत यायची. दरमहा 4,000 डॉलर. खुनाचा हिशेब वेगळा.

आता ही नोंद बघा. सप्टेंबर 1986 मध्ये कासोवर गोळीबार झाला. हल्लेखोरांत निकी गुइडो हे नाव निघालं. काराकापानं ते पोलिसांच्या कॉम्प्युटरवर शोधलं. नुसतं नाव म्हणजे माणूस नव्हे. जन्मतारीख आणि पत्ता जुळवावा लागतो. 25 डिसेंबरला मारेकरी पोचले ते त्याच नावाच्या दुसऱ्याच तरुणाच्या दारात. वय 26. नव्या गाडीत बसला असताना मारला गेला.

(बेल्ट पार्कवेचा सेवारस्ता, रात्र)

6 नोव्हेंबर 1990. गॅम्बिनो टोळीचा एडी लिनो मर्सिडीजमधून चाललेला. मागून आलेली गाडी पोलिसांची वाटली म्हणून तो थांबला. गाडीत हे दोघे होते, त्यांनीच त्याला गोळ्या घातल्या. युक्ती एवढीच. मोबदला 65,000 डॉलर.

(ब्रुकलिनमधलं गॅरेज, फोडलेली फरशी)

हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्यालाही 1986 मध्ये या दोघांनी असंच अडवलं होतं. तो 2005 मध्ये या काँक्रीटखाली सापडला.

(न्यायालयाच्या पायऱ्या)

2006 मध्ये दोघे दोषी ठरले. न्यायाधीशांनी खटल्याची कायदेशीर मुदत उलटल्याच्या मुद्द्यावर निकाल फिरवला, वरच्या कोर्टानं 2008 मध्ये तो पुन्हा उभा केला, 2009 मध्ये जन्मठेप. काराकापा 2017 मध्ये, एपोलिटो 2019 मध्ये कैदेतच वारले. मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना 1 कोटी 84 लाख डॉलर मिळाले, शहराच्या तिजोरीतून.