खडा बसला का?

(दृश्य: सोन्या मारुती चौकाजवळची माडी. कारागिराचे हात.)

अंगठी लाखेत घट्ट धरलीय. डोळ्याला भिंग लावून काका सोन्याची कड पुष्कराजावर हळूहळू दाबत आणतायत. गिऱ्हाईक विचारतं, "काका, खडा नीट सेट होईल ना?" मान वर न करता ते म्हणतात, "एकदा बसवला की हलायचा नाही."

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. पुढे २०११ मध्ये 'रन'नं ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं.

एवढासा शब्द, त्याचा मूळ अर्थ काय? 'सिट' म्हणजे बसणं, आणि त्याचंच प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणं. काकांनी शब्दकोश न उघडता नेमका तोच शब्द वापरला! आपलं 'सदन', आपली 'संसद' यांतला 'सद्' धातूही 'सिट'चाच लांबचा भाऊबंद. कपबश्यांचा सेट मात्र वेगळ्या वाटेनंही आलाय: लॅटिनमधला 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट, फ्रेंचमार्गे येऊन याच शब्दात मिसळला.

(दृश्य: तुळशीबाग, स्टीलच्या डब्यांची उतरंड.)

पुण्यात हा शब्द पावलोपावली भेटतो. तुळशीबागेत डब्यांचा सेट. १९३३ मध्ये 'प्रभात' कोल्हापूरहून इथे आली, तेव्हापासून सिनेमाचे सेट. प्राध्यापक व्हायचं तर विद्यापीठ घेतं ती सेट परीक्षा. ती आद्याक्षरं, या शब्दाशी तिचं नातं नाही.

या सेटबद्दल माझी काही तक्रार नाही. जीव तुटतो तो दह्यासाठी.

(दृश्य: ओटा, पातेलं, वाफ.)

आई कोमट दुधात करंगळी बुडवून बघायची. चमचाभर विरजण घालून ढवळायची, आणि थंडीच्या दिवसांत पातेलं पिठाच्या डब्यात ठेवायची. सकाळी झाकण काढून म्हणायची, "लागलं हो छान." आता घरोघरी दही सेट होतं. घड्याळ लावायचं, पानं मांडायची, हाड बसवायचं, हिरा कोंदणात जडवायचा, प्रत्येक कामाला आपण वेगळं क्रियापद घडवलं होतं. ती सगळी कामं एकटा 'सेट' करू लागला, की ही क्रियापदं तोंडातून जातात.

आणि बहुअर्थी शब्दाचंच अप्रूप असेल, तर आपलं 'लागणं' घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, घाटात बस लागते. हा तुझा कोण लागतो, हेही आपण त्याच शब्दानं विचारतो.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, संध्याकाळ.)

इंग्रजीत आत्ता सूर्य सेट झाला. इथे दिवस मावळलाय, दिवेलागण झालीय. काका दिवा लावतात, भिंग उतरवतात, अंगठी उजेडात धरून नखानं खडा दाबून बघतात.

"बसला."